ऑनलाइन मीटिंगमध्ये हजर, पण सहभागी नाही! झूम, मीट, टीम्स दिव्यांगांसाठी किती सोयीचे?

सप्टेंबर २०२३ मधली गोष्ट. सर्वोच्च न्यायालयात एका प्रकरणाची सुनावणी व्हिडिओ कॉन्फरन्सिंगद्वारे सुरू होती. बेंगळुरूच्या तरुण वकील सारा सनी त्यात सहभागी झाल्या होत्या. सारा यांना ऐकू येत नाही. न्यायालयात काय चाललंय ते त्यांना सांकेतिक भाषेत सांगण्यासाठी सौरव रॉयचौधरी हे दुभाषी सोबत होते. कर्णबधिर वकिलाने सांकेतिक भाषेच्या दुभाष्यासह सर्वोच्च न्यायालयात सहभागी होण्याची ही पहिलीच वेळ होती.

पण सुरुवातीलाच अडचण आली. पडद्यावर दुभाष्याला चौकट मिळाली, वकिलाला मात्र मिळाली नाही. थोड्या वेळाने तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी परवानगी दिली, तेव्हा दोघेही एकत्र पडद्यावर दिसू लागले. ही सुनावणी देशभर बातमीचा विषय ठरली.

या प्रसंगात सॉफ्टवेअर आधीही तेच होतं आणि नंतरही तेच होतं. मध्ये फक्त एक परवानगी मिळाली. ऑनलाइन मीटिंग आणि दिव्यांग व्यक्ती यांच्याबद्दलचा निम्मा प्रश्न या छोट्या घटनेत दिसतो. सोय बहुतेक वेळा ॲपमध्ये असते, पण ती सुरू करण्याचं बटण दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात असतं. आणि त्या दुसऱ्या माणसाला अनेकदा ते बटण कुठे आहे हेच माहीत नसतं.

हा प्रश्न नेमका किती जणांचा?

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. त्यातल्या २९ लाखांहून अधिक महाराष्ट्रात होत्या. ही मोजणी जुनी आहे. त्या वेळी लागू असलेल्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ते २१ केले. त्यात ऑटिझम, वाचन-लेखनाशी संबंधित अध्ययन अक्षमता, पार्किन्सन्स, ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती यांचाही समावेश झाला.

याशिवाय प्रमाणपत्र नसलेले लाखो लोक आहेत. साठी ओलांडल्यावर कमी ऐकू येऊ लागलेले आजोबा, मोतीबिंदूमुळे बारीक अक्षर न दिसणाऱ्या आजी, हात प्लॅस्टरमध्ये असलेला कर्मचारी. सोसायटीची ऑनलाइन सभा असो की शाळेची पालकसभा, यातलं कुणी ना कुणी त्यात असतंच.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि ऑफिस, वर्ग, मुलाखती, कोर्ट, डॉक्टरांचा सल्ला असं सगळं एका चौकोनी पडद्यात आलं. अनेक दिव्यांग व्यक्तींसाठी हा बदल सोयीचा ठरला. व्हीलचेअर वापरणाऱ्या व्यक्तीला लोकलच्या गर्दीशी झगडावं लागेना. अंध कर्मचाऱ्याला उखडलेल्या फुटपाथवरून ऑफिस गाठावं लागेना. घरून काम करण्याची जी सोय दिव्यांग कर्मचारी कितीतरी वर्षं मागत होते आणि 'आमच्याकडे ते शक्य नाही' असं उत्तर ऐकत होते, ती काही आठवड्यांत सगळ्यांना मिळाली.

पण त्याच वेळी काही नवे जिने उभे राहिले. ते डोळ्यांना दिसत नाहीत, एवढाच फरक.

न दिसणाऱ्या व्यक्तीला मीटिंग कशी कळते?

अंध व्यक्ती संगणक किंवा मोबाइल वापरतात तो स्क्रीन रीडरच्या मदतीने. हे सॉफ्टवेअर पडद्यावरचा मजकूर आणि बटणांची नावं आवाजात वाचून दाखवतं. अँड्रॉइड फोनमध्ये 'टॉकबॅक' आणि आयफोनमध्ये 'व्हॉइसओव्हर' आधीपासूनच असतं. विंडोज संगणकासाठी 'जॉज' हे बरंच महाग सॉफ्टवेअर आहे. त्याला मोफत पर्याय म्हणजे 'एनव्हीडीए'. मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन ऑस्ट्रेलियन अंध तरुणांनी २००६ मध्ये त्याची सुरुवात केली. त्यातला मोफत आवाज मराठीही वाचतो.

अंध व्यक्ती माउस वापरत नाही, कारण बाण कुठे आहे ते दिसत नाही. सगळं काम कीबोर्डवर चालतं. म्हणून प्रत्येक बटणापर्यंत कीबोर्डने पोहोचता आलं पाहिजे आणि त्या बटणाला नाव असलं पाहिजे. बटणावर नुसतंच माइकचं चित्र असेल आणि त्यामागे नाव लिहिलेलं नसेल, तर स्क्रीन रीडर फक्त 'बटण' एवढंच म्हणतो. मग माइक सुरू आहे की बंद, हे कळणार कसं? घरातलं भांडण सगळ्या ऑफिसने ऐकलं, अशी फजिती डोळस माणसाचीही होते. अंध व्यक्तीच्या बाबतीत ती धास्ती प्रत्येक मीटिंगमध्ये असते.

झूम, गुगल मीट आणि मायक्रोसॉफ्ट टीम्स या तिन्ही मोठ्या ॲपमध्ये आज बटणांना नावं आणि कीबोर्ड शॉर्टकट आहेत. अडचण वेगळीच आहे. विंडोजवर माइक बंद-सुरू करण्यासाठी झूममध्ये ऑल्ट आणि ए, मीटमध्ये कंट्रोल आणि डी, तर टीम्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एम दाबावं लागतं. ऑफिस टीम्स वापरतं, कॉलेज मीट वापरतं आणि मुलाखत झूमवर असते. डोळस माणूस पडद्यावर बटण शोधतो. अंध व्यक्तीला तीन वेगवेगळे पाढे पाठ ठेवावे लागतात. त्यात एखाद्या अपडेटनंतर पडद्याची मांडणी बदलली, की सवयीचा रस्ता पुन्हा नव्याने शोधायचा.

दुसरी डोकेदुखी चॅटची. मीटिंगमध्ये कुणी बोलत असतं आणि चॅटमध्ये 'गुड मॉर्निंग', 'आवाज येत नाही', 'थँक यू सर' असे संदेश पडत असतात. स्क्रीन रीडर प्रत्येक संदेश मोठ्याने वाचतो. म्हणजे एकाच कानात वक्ता आणि चॅट दोन्ही. या सूचना कमी करण्याची सोय ॲपच्या सेटिंगमध्ये आहे, पण ती बंद केली तर चॅटमध्ये आलेली कामाची लिंक हुकते.

स्क्रीन शेअर केल्यावर काय होतं?

समजा, एका अंध उमेदवाराची ऑनलाइन मुलाखत सुरू आहे. मुलाखत घेणारे स्क्रीन शेअर करतात आणि विचारतात, 'हा तक्ता पाहा. यात काय चुकलंय असं वाटतं?' उमेदवार गप्प. मुलाखत घेणाऱ्यांना वाटतं, याला उत्तर येत नाही.

खरं कारण तांत्रिक आहे. स्क्रीन शेअर केली की समोरच्याला जातो तो पडद्याचा चालता व्हिडिओ. त्यात अक्षरं दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती अक्षरं नसतात, नुसते रंगीत ठिपके असतात. स्क्रीन रीडर एरवी मजकूर वाचू शकतो, पण या चित्रात त्याला मजकूर सापडत नाही. लग्नपत्रिकेचा फोटो व्हॉट्सॲपवर आला तर त्यातला पत्ता हा मजकूर नसून चित्र असतं, तसंच हे.

याचा सर्वात सोपा उपाय कोणत्याही ॲपवर अवलंबून नाही. प्रेझेंटेशनची फाइल मीटिंगच्या आधी ईमेलने पाठवायची. मग ती व्यक्ती स्वतःच्या संगणकावर, स्वतःच्या वेगाने ती वाचू शकते. टीम्समध्ये 'पॉवरपॉइंट लाइव्ह' या पद्धतीने स्लाइड दाखवल्या, तर स्क्रीन रीडरला त्यातला मजकूर थेट वाचता येतो. अंशतः अंध व्यक्तीलाही हीच पद्धत सोयीची पडते.

दुसरा उपाय बोलण्याच्या सवयीचा आहे. 'इथे बघा, हे इथून इकडे वाढलंय' असं म्हणण्याऐवजी 'विक्री मार्चमध्ये वाढली आणि एप्रिलमध्ये घसरली' असं म्हटलं, तर फोनवरून नुसतं ऐकणाऱ्यालाही कळतं. 'पडद्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करा' असं सांगताना त्याची लिंक चॅटमध्ये टाकली तर काम भागतं.

कॅप्शन आहेत ना, मग अडचण काय?

बोललेलं वाक्य लगेच पडद्यावर अक्षरात उमटणं म्हणजे लाइव्ह कॅप्शन. ज्यांना ऐकू येत नाही किंवा कमी ऐकू येतं, त्यांच्यासाठी ही मीटिंगमधली सर्वात महत्त्वाची सोय.

ती सगळ्यांना सहज मिळालेली नाही. कोरोनाच्या काळात झूमवर आपोआप उमटणारी कॅप्शन फक्त पैसे भरणाऱ्या खात्यांना मिळत होती. मोफत खातं वापरणाऱ्या कर्णबधिर व्यक्तींना पडद्यावर हलणारे ओठ पाहत बसावं लागे. कमी ऐकू येणाऱ्यांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्यांनी मागणी लावून धरली. ऑक्टोबर २०२१ मध्ये झूमने ही सोय मोफत खात्यांनाही खुली केली. तोवर जगभर शाळा-कॉलेजांचं एक आख्खं वर्ष ऑनलाइन उलटून गेलं होतं.

आता कॅप्शन आहेत, पण ती यंत्र लिहितं. स्वच्छ आवाजात, सावकाश बोललेल्या इंग्रजीवर ती बरी चालतात. माणसांची आणि गावांची नावं, आकडे, तारखा इथे ती चुकतात. गप्पांमध्ये एखादा शब्द चुकला तर चालतं. डॉक्टर औषधाचं प्रमाण सांगत असतील किंवा वकील पुढची तारीख सांगत असेल, तर एक चूकही महागात पडू शकते.

मराठी मीटिंगची अडचण आणखी वेगळी. 'उद्याच्या डेडलाइनपर्यंत क्लायंटला ड्राफ्ट पाठवून टाका' या वाक्यात तीन इंग्रजी शब्द आहेत. पुण्या-मुंबईच्या ऑफिसात असंच बोललं जातं. कॅप्शनसाठी मात्र बोलण्याची भाषा आधी निवडावी लागते. सेटिंग इंग्रजीवर राहिलं आणि बोलणं मराठीत झालं, तर पडद्यावर इंग्रजी शब्दांचा अर्थहीन ढीग पडतो. भाषा बरोबर निवडली तरी अशी सरमिसळ यंत्राला गोंधळात टाकते.

म्हणूनच परीक्षा, सुनावणी, वैद्यकीय सल्ला अशा महत्त्वाच्या प्रसंगी प्रशिक्षित माणसाने ऐकून लगेच टाइप केलेली कॅप्शन वापरली जातात. ती जोडण्याची सोय मोठ्या ॲपमध्ये आहे. त्यासाठी माणूस आधी ठरवावा लागतो आणि त्याचे पैसे मोजावे लागतात.

दुभाषी पडद्यावरून का हरवतो?

'कॅप्शन सुरू केलंय, आता दुभाषी कशाला?' हा प्रश्न अनेकदा विचारला जातो. याचं उत्तर भाषेत आहे. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या अनेक व्यक्तींची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा असते. तिचं व्याकरण मराठी किंवा इंग्रजीपेक्षा वेगळं आहे. अशा व्यक्तीसाठी वेगाने सरकणारी इंग्रजी कॅप्शन वाचणं म्हणजे दुसऱ्या किंवा तिसऱ्या भाषेतला मजकूर धावत धावत वाचणं.

पण बहुतेक मीटिंग ॲप एका गृहीतकावर उभी आहेत. जो आवाज करतो तो बोलतोय, असं ॲप मानतं आणि त्याची चौकट मोठी करतं. सांकेतिक भाषेत बोलणारी व्यक्ती आवाज करत नाही. त्यामुळे ती कितीही वेळ बोलली तरी ॲपच्या लेखी गप्पच असते आणि तिची चौकट पडद्याच्या कोपऱ्यात किंवा पुढच्या पानावर जाते. उलट कुणाच्या घरी कुकरची शिट्टी झाली, की त्याची चौकट मोठी होते!

स्क्रीन शेअर झाल्यावर दुभाष्याची चौकट टपाल तिकिटाएवढी उरते आणि बोटांच्या हालचाली दिसेनाशा होतात. इंटरनेटचा वेग कमी झाला, की हात मध्येच गोठतात. आवाज एखादा क्षण तुटला तर माणूस संदर्भाने वाक्य जोडतो, पण सांकेतिक भाषेत हात थांबला की शब्दच जातो.

यावर 'पिन' आणि 'स्पॉटलाइट' हे दोन उपाय आहेत. पिन केल्यावर हवी ती चौकट आपल्या पडद्यावर मोठी राहते. स्पॉटलाइट केल्यावर ती सगळ्यांच्याच पडद्यावर मोठी होते, पण झूममध्ये हे फक्त होस्ट किंवा सहहोस्ट करू शकतो. झूमने २०२२ मध्ये सांकेतिक भाषेच्या दुभाष्यासाठी वेगळी चौकट आणली. त्यासाठीही होस्टला दुभाषी नेमून द्यावा लागतो. टीम्सने २०२३ मध्ये आणलेली सोय थोडी वेगळी आहे. त्यात कर्णबधिर व्यक्ती आपले नेहमीचे दुभाषी स्वतःच निवडून ठेवू शकते आणि प्रत्येक मीटिंगमध्ये ते ठळक दिसतात. होस्टला विनंती करावी लागत नाही.

वेबिनारचा प्रकार तर आणखी अवघड. तिथे श्रोत्यांना सहसा कॅमेरा सुरू करता येत नाही. ऐकू येणारा श्रोता माइक मिळाला की प्रश्न विचारतो. सांकेतिक भाषेत प्रश्न विचारू पाहणाऱ्याला मात्र विचारायची जागाच नसते.

माउस, माइक आणि कॅमेरा

अडथळे फक्त पाहण्या-ऐकण्याचे नसतात. सेरेब्रल पाल्सी किंवा मणक्याच्या दुखापतीमुळे ज्यांचे हात हवे तसे चालत नाहीत, त्यांना छोट्या बटणावर नेमकं क्लिक करणं कठीण जातं. ते कीबोर्ड, आवाजी आज्ञा किंवा एका मोठ्या कळीने चालणारं स्विच वापरतात. 'पाच सेकंदांत हात वर करा' किंवा काही क्षणांत बंद होणारी मतदानाची चौकट त्यांना बाहेरच ठेवते.

बोलण्यात अडचण असलेली किंवा तोतरेपणा असलेली व्यक्ती चॅटमधून मत मांडू शकते. पण शिस्तीच्या नावाखाली होस्टने चॅट बंद केलं, तर त्या व्यक्तीचं तोंडच बंद होतं. चॅट सुरू असलं तरी ते वाचून दाखवायला कुणी नसेल, तर विषय पुढे निघून जातो.

'कॅमेरा सुरू ठेवणं सक्तीचं' हा नियम अनेक वर्गांत आणि ऑफिसांत असतो. ऑटिझम असलेल्या काही व्यक्तींना एका वेळी पंधरा-वीस चेहरे पाहणं आणि सतत पाहिलं जाणं थकवणारं वाटतं. त्यांच्यासाठी विषयपत्रिका आधी मिळणं, मध्ये छोटी सुट्टी असणं आणि कॅमेरा बंद ठेवण्याची मुभा मिळणं या साध्या गोष्टी मोठ्या ठरतात. अपस्माराचा त्रास असलेल्या काहींना वेगाने लुकलुकणाऱ्या चित्रांमुळे झटका येऊ शकतो. म्हणूनच पडद्यावर एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लखलखाट होऊ नये, असं वेबसाइटसाठीचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात.

मग चूक ॲपची की होस्टची?

दोघांचीही, पण वाटा वेगवेगळा. बटणाला नाव नसणं, आवाजालाच बोलणं मानणं, मोबाइल ॲपमध्ये काही सोयी नसणं या कंपनीच्या चुका आहेत. त्या कंपनीलाच दुरुस्त कराव्या लागतील.

पण कॅप्शनची सुविधा खात्याच्या सेटिंगमध्ये बंद ठेवणं, चॅट बंद करणं, दुभाष्याला सहहोस्ट न करणं, स्लाइड आधी न पाठवणं हे सगळं होस्टच्या बाजूने होतं. गुगल मीटमध्ये कॅप्शन ज्याला हवीत तो स्वतःच्या पडद्यावर सुरू करतो, इतरांना ती दिसतही नाहीत. झूमच्या खात्यात मात्र ती सुविधा बंद असेल, तर सहभागी व्यक्तीकडे बटणच येत नाही. मग भर मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर 'मला ऐकू येत नाही, कॅप्शन सुरू कराल का?' असं म्हणावं लागतं. नव्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात हे म्हणणं सोपं नसतं. अनेक जण काही न बोलता बसून राहतात आणि हजेरीपटावर 'उपस्थित' अशी त्यांची नोंद होते.

कायदा काय सांगतो?

भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ लागू आहे. त्याच्या कलम ४२ मध्ये माहिती आणि संपर्क तंत्रज्ञान दिव्यांगांना वापरता येईल असं करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. याच कायद्यात 'वाजवी सोय' ही संकल्पना आहे. म्हणजे समोरच्यावर अवाजवी भार न टाकता, दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने सहभागी होता यावं म्हणून केलेला आवश्यक बदल. कलम २१ नुसार प्रत्येक आस्थापनेने, खासगी कंपनीनेही, समान संधी धोरण जाहीर करायचं असतं. कायद्याचा भंग केल्यास पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत आणि त्यानंतर ५० हजार ते ५ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

तंत्रज्ञान कसं असावं, यासाठी भारतीय मानक ब्युरोचं 'आयएस १७८०२' हे मानक आहे. २०२३ मध्ये ते या कायद्याच्या नियमांत समाविष्ट झालं.

न्यायालयांनीही ठाम भूमिका घेतली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की सुगम्यतेचे निकष नुसते शिफारशींसारखे ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं सांगितलं. हे प्रकरण व्हिडिओ केवायसीबद्दल होतं. ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे भाजलेल्या व्यक्तींना 'कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करा' ही अट पूर्ण करता येत नव्हती आणि त्यामुळे बँकेचं काम अडत होतं.

इतर देशांत थेट मीटिंग ॲपपर्यंत नियम पोहोचले आहेत. अमेरिकेच्या संपर्क नियामक आयोगाने जून २०२३ मध्ये व्हिडिओ कॉन्फरन्सिंग सेवांना सुगम्यतेचा कायदा लागू असल्याचं स्पष्ट केलं. युरोपीय संघाचा सुगम्यता कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला. याचा फायदा भारतालाही होतो, कारण या कंपन्या सगळीकडे जवळपास तेच ॲप देतात.

मीटिंग घेणाऱ्याने काय करावं?

यातल्या बहुतेक गोष्टींना एक रुपयाही लागत नाही.

• निमंत्रणात एक ओळ टाकावी : 'सहभागी होण्यासाठी कॅप्शन, दुभाषी किंवा इतर सोय हवी असल्यास आधी कळवा.' म्हणजे भर मीटिंगमध्ये मागण्याची वेळ येत नाही.
• विषयपत्रिका आणि स्लाइड आदल्या दिवशी पाठवाव्यात. फाइलमध्ये मजकूर असावा, मजकुराचा फोटो नको.
• खात्यातली कॅप्शनची सुविधा कायम सुरू ठेवावी आणि बोलण्याची भाषा तपासावी.
• दुभाषी असेल तर त्याला दहा मिनिटं आधी आत घ्यावं आणि स्पॉटलाइट करावं. मोठ्या कार्यक्रमाला दोन दुभाषी लागतात, कारण हे काम थकवणारं असतं आणि ते आलटून पालटून करावं लागतं.
• एका वेळी एकानेच बोलावं आणि बोलण्याआधी नाव सांगावं. अंध व्यक्तीला कोण बोलतंय ते कळतं आणि कॅप्शनही कमी चुकतात.
• तोंडावर उजेड असावा. खिडकीकडे पाठ केली, की चेहरा काळा दिसतो आणि ओठ वाचता येत नाहीत.
• चॅट सुरू ठेवावं आणि ते वाचून दाखवण्याचं काम एका व्यक्तीकडे द्यावं.
• पडद्यावरचं चित्र, आकडा, लिंक तोंडी सांगावी.

दुभाषी कुठून आणायचा, हा प्रश्न असेल तर मुंबईत वांद्रे इथली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि दिल्लीतलं भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र हे काम शिकवतात. तिथून चौकशीची सुरुवात करता येते.

दिव्यांग व्यक्तीला काय मागता येईल?

मुलाखत, परीक्षा किंवा प्रशिक्षण ऑनलाइन असेल, तर हवी ती सोय आधीच ईमेलने मागावी. लेखी मागणीची नोंद राहते. शक्य असेल तर आदल्या दिवशी पाच मिनिटांची चाचणी मीटिंग मागावी, म्हणजे बटणं आणि कॅप्शन तपासून होतात. सोय नाकारली गेली, तर तक्रार राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे करता येते. महाराष्ट्रात हे कार्यालय पुण्यात आहे.

फायदा फक्त दिव्यांगांचाच का?

रॅम्प व्हीलचेअरसाठी बांधला जातो, पण त्यावरून बाळाची ढकलगाडी, चाकांची बॅग आणि गुडघे दुखणारे आजी-आजोबाही जातात. कॅप्शनचंही तसंच आहे. लोकलच्या गोंगाटात मीटिंग ऐकणारा, इंग्रजीत कच्चा असलेला, बाळ झोपलंय म्हणून आवाज बंद ठेवणारा, असे सगळेच ती वापरतात. आधी पाठवलेल्या स्लाइडमुळे नेट गेलेल्याचंही काम अडत नाही.

पुढच्या मीटिंगआधी एक साधी चाचणी करून पाहता येईल. पाच मिनिटं आवाज बंद ठेवून मीटिंग समजते का? पाच मिनिटं पडदा झाकून समजते का? माउसला हात न लावता प्रश्न विचारता येतो का? यातलं एकही उत्तर 'नाही' असेल, तर त्या मीटिंगमधून कुणीतरी बाहेर राहतंय.

सर्वोच्च न्यायालयातल्या त्या सुनावणीचा पुढचा भागही सांगण्यासारखा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सारा सनी पुन्हा न्यायालयासमोर आल्या, तेव्हा त्यांच्यासाठी दुभाषी खुद्द सर्वोच्च न्यायालयानेच नेमला होता.